मेणबत्तीवरचे बाबा

अश्दोद (इस्राएल), शुक्रवार

कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्यांचा पुडा आणला. त्यावर बाबा साली. पांढऱ्या झग्याची टोपी डोक्यावर ओढलेली, आणि ‘एकावर एक मोफत’चा लाल ठिपका नेमका दाढीवर चिकटवलेला.

मोरोक्कोहून आलेले हे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, 1984 साली इथल्या नेतिवोत गावी वारले. तिथे त्यांच्या पुण्यतिथीला हिलुला भरतो, अगदी आपल्याकडच्या उरसासारखा. कबरीवर प्रार्थना, बाहेर दुकानं, आणि किल्ल्यांच्या कडीपासून सगळ्यावर बाबांचा फोटो. मला त्याचं कधी वावडं वाटलं नाही. आमच्या रेवदंड्याच्या ज्यू घरी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची अग्निरथातली तसबीर होतीच की. मूर्ती करू नका अशी आज्ञा पाळणारी माणसं आम्ही, पण भिंती काही रिकाम्या ठेवल्या नाहीत.

तसबिरीकडे माणूस आपणहून बघतो. जाहिरातीतला रब्बी मात्र आपल्याकडे बघून काहीतरी मागतो. मला खटकतं ते हे.

1996च्या निवडणुकीत शास या इथल्या कर्मठ ज्यूंच्या पक्षाने रब्बी कदूरींचे ताईत वाटले आणि संसदेत 10 जागा मिळवल्या. पुढे मतासाठी ताईत-आशीर्वाद वाटायला कायद्यानेच बंदी आली. पण कदूरी तेव्हा हयात होते, नको म्हणायची सोय तरी होती त्यांना. शासचे धर्मगुरू रब्बी ओवादिया योसेफ 2013 साली गेले. जेरुसलेममधल्या त्यांच्या अंत्ययात्रेला 8 लाख माणसं लोटल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतरच्या निवडणुकांतही शासच्या फलकांवर तेच: काळा चष्मा, सोन्याच्या नक्षीचा झगा, डोक्याला पागोटं. उमेदवार बाजूला उभा, ओळखीचं पत्र आणल्यासारखा. आणि हेच कर्मठ लोक आपल्या वर्तमानपत्रात बाईचा चेहरा छापत नाहीत! असो, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं.

देवाचं नाव असलेला कागद फाटला तरी आम्ही कचऱ्यात टाकत नाही. तो गनिज़ात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या जागेत, साठवतो, मग रीतसर पुरतो. नुसत्या फोटोला तो नियम नाही. त्यामुळे मतदान झालं की ज्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला लोक रांगा लावायचे, त्यांचे चेहरे बसथांब्यापाशी पायाखाली येतात. फलक लावणारे ते उचलायला परत फिरकत नाहीत.

संध्याकाळच्या आत शेजारणीला त्यातल्या दोन मेणबत्त्या दिल्या. ती मूळची मोरोक्कोची, बाबांवर तिची फार श्रद्धा. तिला माझं म्हणणं मुळीच पटलं नाही. म्हणाली, “बाबांना विचारलं असतंस तर म्हणाले असते, घ्या फोटो, पोरंबाळं जगवा.” बाबांचं असेलही तसं. ओवादिया योसेफांची जीभ मात्र भलतीच तिखट. त्यांनी त्या उमेदवाराला फलकावरून खाली उतरवला असता.