खाली झुकलेलं झाड सोपं नसतं

परवा एकाने विचारलं, उतारावरचं झाड पाडायला सोपंच ना, आधीच दरीकडे झुकलेलं असतं, थोडं कापलं की आपोआप जातं. तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, कारण याच समजापायी माणसं जीव गमावतात. मी बरीच वर्षं डोंगरउतारावर आधी हातकरवतीने आणि नंतर चेनसॉने झाडं पाडली, आणि ज्या दिवशी मी थोडक्यात वाचलो ते झाड असंच सोपं दिसणारं होतं.

उतारावर माती वर्षानुवर्षं हळूहळू खाली सरकत असते, उजेडही दरीच्या बाजूने जास्त म्हणून फांद्यांचा भार तिकडेच वाढतो, आणि झाड मात्र परत सरळ व्हायला बघतं. कितीतरी झाडांचे बुंधे तळाशी छत्रीच्या मुठीसारखे वाकलेले दिसतात ते यामुळेच. बाहेरून शांत उभं असलं तरी आत वरच्या बाजूचं लाकूड ताणलेलं असतं आणि खालच्या बाजूचं दाबलेलं. म्हणजे तुम्ही करवत लावता ती एका ओढून धरलेल्या धनुष्याला.

झाड पाडताना ज्या दिशेला पाडायचं तिकडून आधी खाच घेतात, मग मागून कापत येतात आणि मध्ये लाकडाची एक पट्टी तशीच ठेवतात. ही पट्टी बिजागरीचं काम करते, झाड तिच्यावर सावकाश कलतं. 40 सेंटीमीटरच्या बुंध्याला साधारण 4 सेंटीमीटरची पट्टी राहिली पाहिजे. आता झाड खूप झुकलेलं असेल तर काय होतं, मागचा काप अर्ध्यावर असतानाच ते पडायला निघतं, पट्टी अजून जाड असते, ती वाकत नाही, आणि मग खोडच उभं चिरत वर जातं. मागचा अर्धा भाग वर उसळतो आणि कापणारा बरोबर तिथेच उभा असतो. हातकरवतीने काप हळू पुढे सरकतो त्यामुळे हा धोका उलट जास्त, झाडाला चिरायला वेळ मिळतो.

माझ्या बाबतीत हेच झालं. मी कापत होतो, माझ्याबरोबर काम करणारे दादा बाजूला उभे राहून शेंड्याकडे बघत होते. कड् असा एकच आवाज आला, दादा ओरडले "सोड!" आणि मी करवत तिथेच टाकून आडवा आणि थोडा वरच्या अंगाला पळालो. खोड माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत चिरलं, वर उसळलं आणि मग त्याचा बुंधा मी उभा होतो त्याच जागी येऊन आदळला. करवतीचं पातं दुमडलं होतं. मी वाचलो ते एवढ्यासाठी की सकाळी दादांनी माझ्याकडून पळायची वाट साफ करून घेतली होती, झुडपं तोडून, सुटे दगड बाजूला सारून. तेव्हा मला वाटलं होतं कशाला अर्धा तास घालवतायत.

उतारावर पळायची वाट खाली कधीच नसते हे आधी डोक्यात बसवा, कारण झाडही तिकडेच येतं. सपाटीवर झाड 90 अंशांत जमिनीला टेकतं, 30 अंशांच्या उतारावर सरळ खाली पाडलं तर 120 अंश फिरतं. 20 मीटरच्या झाडाचा मी एकदा हिशोब केला, हवेचा आणि फांद्यांचा अडथळा सोडून, तर शेंडा सपाटीवर ताशी 85 किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो आणि या उतारावर 100 च्या वर. तेवढ्या वेगात आदळलं की खोड मोडतं, तुकडे उडतात आणि उरलेलं घसरत जातं. सरळ वर पाडलं तर बुंधाच मागे घसरून तुमच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून बहुतेक वेळा उताराला आडवं पाडतात, जमलं तर जुन्या खुंटांच्या वरच्या अंगाला, म्हणजे खोड अडून राहतं.

खाच घेतानाचा त्रास कोणी फारसा सांगत नाही. 30 अंशांच्या उतारावर 50 सेंटीमीटरच्या बुंध्याची खालची जमीन वरच्यापेक्षा जवळजवळ 29 सेंटीमीटर खोल असते, त्यामुळे खालून खाच घेताना हात छातीपर्यंत जातात, चेनसॉ असेल तर ती उसळली की तोंडाजवळ येते, आणि पायाखाली ओला पाला.

झाड पडलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण अपघात तिथेही होतात. 40 सेंटीमीटर जाड, 4 मीटर लांब ओला ओंडका 400 ते 500 किलोचा भरतो, आणि 30 अंशांवर त्याचं निम्मं वजन त्याला खाली ओढत असतं. शेवटची फांदी कापली की तो सुटतो. त्यामुळे कायम वरच्या बाजूला उभं राहून कापायचं, आणि खालच्या अंगाला कोणी असेल तर काम बंद. दोन झाडांच्या उंचीएवढं अंतर ठेवा हा नियम सपाटीचा, इथे खालचा अख्खा उतारच धोक्यात येतो, आणि ओढ्याच्या आवाजात तुमची हाकही ऐकू जात नाही, शिट्टी लागते.

अमेरिकेत 2022 मध्ये लाकूडतोडीच्या कामात दर 1 लाख कामगारांमागे सुमारे 100 मृत्यू झाले, सगळ्या कामांची सरासरी 3.7 होती. न्यूझीलंडमध्ये 2013 साली एका वर्षात 10 जंगल कामगार गेले, त्यानंतर तिथे तीव्र उतारावर माणसाऐवजी वरून दोराने धरलेली मशीन उतरवायचा जोर वाढला. मला ते पटतं. पण सगळीकडे मशीन पोचत नाही, हेही खरं.

आता फार झुकलेलं झाड दिसलं की मी कापाच्या वर खोडाला साखळी आवळून बांधतो, म्हणजे चिरलं तरी फाकत नाही. चेनसॉ असेल तर तिचं पातं खोडात आरपार भोसकून पट्टी आधी नीट तयार करतो आणि मागचा थोडासा भाग अगदी शेवटी कापतो. साखळी जड आहे, चढताना खांद्याला रोज जाणवते. खाली राहिली असेल तर त्या झाडाला त्या दिवशी हात लावत नाही.