सेयुंचिन आणि दस्ती : गोजू-र्यूच्या सरावाची नोंद

मंडळी, गोजू-र्यू या ओकिनावातल्या कराटे शैलीच्या, संक्रांतीपासूनच्या सरावाची नोंद लिहायची राहिली होती, ती आज लिहितो. भडगावात सध्या पहाट सोडली तर अंगाला हात लावायची सोय नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आमच्याकडेही फार वेगळं चित्र नसतं. त्यामुळे उजाडायच्या आत गच्चीवर सांचिन (श्वासावर भर असलेला आपला काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम), त्यानंतर साधनं, आणि रविवारी तालमीत एका तरुण पैलवानाबरोबर काकिए (हाताला हात लावून करायचा जोडीचा सराव), असा क्रम बसला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण काता बदलता का, असं मागे काही जणांनी विचारलं होतं. कातामध्ये मी काहीही बदलत नाही. सरांनी जसा दिला तसाच करतो, पाऊल तिथेच, कोपर तिथेच. बदल करायचा तो साधनांत, श्वासात आणि काताचा अर्थ लावण्यात. तोसुद्धा मूळ गोष्ट कशासाठी आहे हे अंगाला कळल्यावरच. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण ‘माझी स्वतःची शैली’ म्हणत कठीण ते गाळून टाकणारे बरेच पाहिले.

सांचिनचं घ्या. ओकिनावातल्या नाहा शहराच्या हिगाओन्ना कानर्यो (१८५३–१९१५) यांच्याकडून मियागी चोजुन (१८८८–१९५३) शिकले आणि पुढे गोजू-र्यू उभी राहिली. आपण करतो ते सांचिन मुठी आवळून, मोठ्या आवाजाच्या श्वासाचं. पण चीनमधल्या फुजियानहून शिकून आलेल्या उएची कानबुन (१८७७–१९४८) यांच्या परंपरेत तोच काता उघड्या पंजाने करतात आणि श्वासही इतका ओढून-ताणून नसतो. माझं बी.पी. थोडं वर राहू लागलं तेव्हा डॉक्टरांनी श्वास कोंडून जोर लावायला मनाई केली. सरांशी बोललो. त्यांनी सुचवलं त्याप्रमाणे आता एक फेरी नेहमीची, पण श्वास कुठेही न अडवता. दुसरी उघड्या पंजाने, श्वास नाकाने आत आणि तोंडाने हळू बाहेर. पायांची पकड, आत वळलेली बोटं, पुढे ओढलेली कंबर तशीच. दुसऱ्या फेरीत एक फायदा लगेच दिसला: मूठ नसल्यामुळे खांदे वर चढले की चटकन कळतं. मुठीच्या ताणात ते लपून जायचं.

साधनांबद्दल सविस्तर लिहितो. लहानपणी मी तालमीत मुदगल फिरवलेला आहे, त्यामुळे चि-इशीच्या (दांड्याच्या टोकाला वजन बसवलेलं कराटेचं साधन) जागी तोच वापरावा असं वाटणं साहजिक होतं. दोन्हींत वजन एका टोकाला असतं. पण मुदगल पाठीमागून फिरतो, तो स्वतःच्या झोकाने चालतो आणि खांदा मोकळा करतो. चि-इशी शिको-दाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून खाली बसायचा पवित्रा) बसून हवेत थांबवायची असते, मनगट वळवायचं असतं, झोक लागला की व्यायामच संपला. म्हणून मुदगल अंग तापवायला ठेवला आणि चि-इशी वेगळी केली: तेलाच्या छोट्या डब्यात सिमेंट ओतलं, त्यात कुदळीला घालतात तसला बाभळीचा दांडा. दांड्याच्या बुडाला दोन आडवे खिळे मारा, नाहीतर तो सिमेंटमध्ये फिरायला लागतो.

निगिरि-गामेसाठी (बोटांच्या पकडीने उचलायची जड बरणी) मात्र घरातच उत्तम वस्तू निघाली. लोणच्याच्या चिनी मातीच्या जुन्या बरण्या! ओठ बाहेर आलेला, कड गुळगुळीत, तोंड पंजात मावेल एवढं. गिरणेची वाळू थोडी थोडी भरत गेलो. बोटांची टोकं ओठाखाली, अंगठा अंगाकडच्या बाजूने दाबलेला, आणि सांचिनच्या पावलाने गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. घाम सुटला की ओठ निसरडा होतो, म्हणून तालमीतली चिमूटभर माती बोटांना लावतो. माकिवाराच्या, म्हणजे ठोसे मारायच्या, फळीलाही अंबाडीचा दोर गुंडाळला आहे, तो छान बसला.

हे सगळं परक्या घरात आपलं सामान नेऊन ठेवल्यासारखं वाटू शकतं, पण मियागींनी स्वतः हेच केलं. १९३४ मध्ये ते हवाईला गेले, तिथल्या कुस्तीगिरांकडचं लंबगोल लोखंडी कडं त्यांना आवडलं आणि त्यातून कोंगोकेन आपल्या साधनांत आलं. कुस्तीकडून घेण्याची वाट मूळ पुरुषानेच घालून दिलेली आहे.

आता या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट. सेयुंचिन या काताची सुरुवात आठवा: तिरपं पाऊल, शिको-दाची, एका हाताने आकडा घालून मनगट कमरेकडे ओढायचं आणि दुसऱ्या हाताचा नुकिते (बोटांच्या टोकांचा वार). त्या ओढण्याने समोरचा थोडा वाकायचा, पण हलायचा नाही. काकिए करताना पैलवानावर तेच करून पाहिलं. तो जागचा ढळला नाही. म्हणाला, “आप्पा, तुम्ही हात वढतस, पन पाय जागावरच शे.”

मग त्याने कुस्तीतला दस्ती हा डाव दाखवला. मनगट धरून नुसतं खेचत नाही तो; खेचता खेचता स्वतः तिरपा बाहेर सरकतो, समोरच्याचा हात त्याच्याच छातीवरून आडवा जातो आणि पैलवान पाठीमागे पोचलेला असतो. ती पावलं पाहिली आणि सेयुंचिनची तिरपी रेघ डोळ्यांपुढे आली. ते पाऊल म्हणजे नुसती दिशा नाही, ओढण्याचं अर्धं बळ त्यातच आहे. कातात पाऊल आधी पडतं आणि हात नंतर ओढतो. जोडीदारासमोर मी आता दोन्ही एकत्र करतो: आकडा बसला की पाऊल आणि ओढ एकाच वेळी, नुकितेच्या जागी मोकळा हात त्याच्या दंडाच्या मागे. पाठ मिळते. पुढे कंबर धरायची की ठोसा द्यायचा, ते समोरच्याच्या तोलावर. या कातात एकही लाथ का नाही, याचाही मला पटेल असा अर्थ इथे लागतो: मनगट हातात असताना एका पायावर उभं राहणं परवडत नाही.

उजव्या बाजूने हे जमू लागलंय. डाव्या बाजूने पाऊल अजून उशिरा पडतं, विशेषतः समोरचा वजनदार असेल तर. त्यासाठी बरणी डाव्या हातात धरून फक्त सेयुंचिनच्या सुरुवातीची तीन तिरपी पावलं टाकतोय, सावकाश. पावसाळा लागला की तालमीच्या मातीवर हेच करून पाहणार आहे, कारण गच्चीवर पाय सरकतो आणि मातीत रुततो, शिको-दाची तिथे किती उंच ठेवावी हे ठरवायचं आहे. कुणी मऊ जमिनीवर सेयुंचिनची जोडी लावली असेल तर उंचीबद्दल जरूर सांगा.