पहिल्या ब्रेकला ‘टक्क’

सिस्टरनी किल्लीसोबत एक छोटी वही माझ्या हातात ठेवली. “आवाज कधी कधी येतो ते लिहून ठेवलंय,” म्हणाल्या. “तोंडी सांगायला लागलं की अर्ध्यातच गाडी जॅकवर चढते.” रात्रपाळी संपवून त्या थेट आल्या होत्या. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर चाकातलं जे ऐकू येतं ते दिवसाच्या गर्दीत येत नाही, त्यामुळे त्यांचा कान मी पहिल्यापासून खरा धरला होता.

तक्रार पुढच्या डाव्या चाकाची. त्या बाजूची स्टॅबिलायझर लिंक बदलून झाली होती, मग लोअर आर्म, मग शॉकअपचं वरचं माउंट, सगळे सस्पेन्शनचे, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारे भाग. आवाज जसाच्या तसा.

वहीचं पान मी वाचलं, खरं तर चाळलं. खडबडीत रस्त्यावर खडखड, एकाच चाकाखाली खड्डा आला तर जास्त. ताशी २० ते ३० ला स्पष्ट, पुढे वाऱ्यात हरवतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून फरक नाही. त्याखाली अजून दोन ओळी होत्या. त्यांच्यावरून नजर गेली आणि तशीच पुढे सरकली.

त्यांना चालवायला बसवून मी शेजारी बसलो. आवाज मलाही डावीकडूनच आला, अगदी पायाशी. मी आधी त्याची लय शोधली. लहान गाडीच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ७ किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण एक फेरा घेतं. जे चाकाबरोबर फिरतं त्यातला दोष त्या फेऱ्याशी बांधलेला असतो, वेग वाढला की त्याचे ठोकेही जवळ येतात. इथे लय नव्हतीच. खड्डा आला की आवाज, नाही तर शांतता. बेअरिंग वेगळं वागतं, ते घुमतं. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा घूं वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. इंजिनाची ताकद चाकाला देणारा सीव्ही जॉइंट गेला असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर कटकट होते. दोन्ही नव्हतं. म्हणजे काहीतरी सैल होतं, धक्क्याने हलत होतं.

गाडी उचलून स्टँडवर घेतली. डावं चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन्ही बाजूंनी धरून. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवा असेल तर बहुधा स्टिअरिंगचा टाय रॉड. काही नाही. एका हाताने चाक फिरवत दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी स्प्रिंगवरच्या बोटांना कळते, ही युक्ती मी माझ्या उस्तादांकडून उचलली. चाक लोण्यासारखं फिरलं. पहारीने आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, दाबून पाहिले, लिंकचे नट तपासले. सगळं नवं, सगळं घट्ट. दीड तास गेला.

सिस्टर बाकावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. मी वही परत उघडली. खालच्या दोन ओळी अशा होत्या:

‘ब्रेकवर नुसता पाय टेकवला की खडखड बंद. चारही वेळा.’

‘रिव्हर्स घेऊन मग पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच टक्क. दुसऱ्या ब्रेकला नाही.’

माझे कान तापले. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. ब्रेकवर पाय टेकवल्याने लिंक गप्प होत नाही, शॉकअपचं माउंट गप्प होत नाही. ब्रेक फार थोड्या गोष्टी धरतो: पॅड, त्यांना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारा कॅलिपर, कॅलिपरला बोल्टने जागेवर धरणारं ब्रॅकेट, आणि बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तो. बेअरिंग आताच पाहून झालं होतं. आणि दुसरी ओळ तर त्याहून नेमकी. चाक उलटं फिरत असताना ब्रेक लागला की डिस्क ब्रॅकेटला एका दिशेने ओढते. पुढे जाताना पहिल्या ब्रेकला तीच डिस्क त्याला दुसऱ्या दिशेला ढकलते. ब्रॅकेट सैल असेल तर ते तेव्हा एकदाच सरकतं आणि तिथेच टेकून राहतं. म्हणून दुसऱ्या ब्रेकला टक्क नाही. लोअर आर्मचा बुश फाटला तरी ब्रेक लावताना ठोका येतो, आर्म बदलणाऱ्याने बहुतेक तोच विचार केला असणार. पण त्या बुशची खड्ड्यातली खडखड ब्रेकवर पाय टेकवून थांबत नाही.

डावं चाक काढलं. पॅडच्या क्लिपा जागेवर. ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट पाना लावून पाहिले, हलले नाहीत. हाताखालचा मुलगा म्हणाला, “दादा, आवाज याच बाजूला आहे ना?” मी होय म्हणालो आणि तरी उजव्या चाकाचे नट सैल करायला सांगितले. पानात कुठेही डावं-उजवं लिहिलेलं नव्हतं. बाजू त्यांनी तोंडी सांगितली होती. लिहिलेलं होतं ते सगळं ‘कधी’ होतं.

उजवं चाक निघालं. मी कॅलिपर धरून ओढला आणि तो हातात हलला. टक्क. तोच. बाकावर सिस्टरनी डोळे उघडले.

ब्रॅकेटचा खालचा बोल्ट जागेवर नव्हताच, नुसतं भोक होतं. वरचा निम्मा बाहेर आलेला, उघडे पडलेले आटे घासून चकचकीत. रिमच्या आतल्या बाजूला नखाएवढा ताजा ओरखडा होता. ब्रॅकेट फिरून तिथवर पोचायला लागलं होतं. डिस्कवर हात ठेवून मी क्षणभर नुसता बसून राहिलो. वरचा बोल्ट निघाला असता तर अख्खा कॅलिपर फिरत्या रिममध्ये अडकला असता, ब्रेकचा पाइप तुटला असता, चाक जॅम झालं असतं. आणि या बाई रोज पहाटे, जागरणाच्या डोळ्यांनी, याच गाडीतून घरी जात होत्या.

मी विचारलं, डिस्क कधी बदलल्या होत्या का? दोन महिन्यांपूर्वी, दोन्ही बाजूंच्या. आवाज त्यानंतर किती दिवसांनी? त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. आठव्या दिवशी. नुसते पॅड बदलायला ब्रॅकेट सहसा काढावं लागत नाही, डिस्क काढायची तर बहुतेक गाड्यांत काढावंच लागतं. परत बसवताना ते बोल्ट हाताने आवळून तसेच राहिले. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, न लावता सोडलेला ब्रेकचा बोल्ट मला कुणाच्याही हातून चालत नाही. असा बोल्ट पहिल्या दिवशी काहीच सांगत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

मग डावीकडचा आवाज? तो सुटल्याशिवाय मला गाडी द्यायची नव्हती. मुलाला उजवा कॅलिपर हाताने हलवायला सांगितलं आणि मी सीटवर डोळे मिटून बसलो. आवाज तरीही डावीकडून. डाव्या चाकावरचा प्लास्टिकचा लायनर मघाशीच ढिला वाटला होता, त्याची एक क्लिप नव्हती. खाली उतरून तो तळव्याने दाबून धरला, आणि आवाज उजवीकडे सरकला. पुढची दोन्ही चाकं ज्या क्रॉसमेंबरला जोडलेली असतात त्यातून ठोका पलीकडे जात होता आणि ढिलं प्लास्टिक तो मोठा करून डावीकडे वाजवत होतं. तीन पार्ट त्या लायनरमुळे बदलले गेले होते.

दुरुस्ती लहानच होती. दोन्ही बाजूंना मिळून चार नवे बोल्ट, आट्यांना बोल्ट सैल होऊ न देणारं थ्रेडलॉक, टॉर्क रेंच १०० न्यूटन मीटरवर. हा आकडा त्या गाडीचा, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात बघूनच लावायचा. उजवे पॅड तिरके झिजले होते, म्हणून दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदलले. पाइपला कुठे घासल्याची खूण नाही ना, हे बॅटरी मारून दोनदा पाहिलं. चारही बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

“अजून किती दिवस चाललं असतं?” सिस्टरनी विचारलं.

मी म्हणालो, दिवस सांगता येत नाहीत. त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, काही बोलल्या नाहीत.

आम्ही रिव्हर्स घेतली, पुढे आलो, पहिला ब्रेक. शांत. पुन्हा रिव्हर्स, पुन्हा पुढे. त्यांनी तसं पाच वेळा केलं आणि प्रत्येक वेळी काच खाली करून मान बाहेर काढली. मी घाई केली नाही.

साधारण १०० किलोमीटर झाल्यावर त्या गाडी दाखवायला आल्या. चाकं काढली. चारही पिवळ्या रेघा सरळ होत्या.