आमची वाटचाल : अंगणातले पाणी आणि उतारावरची माती

२००८ साली चिपळूणमध्ये आम्ही अंगणातल्या पाण्याला वाट काढण्याच्या आणि उतारावरची माती धरून ठेवण्याच्या कामाला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे दोन पहारी, चार घमेली, एक लेव्हल पाईप आणि आमचे भागीदार असलेल्या गवंडीकाकांनी बांधलेली बांबूची ए फ्रेम, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी, मध्ये ओळंबा टांगलेली चौकट, एवढेच भांडवल होते. या फ्रेमला अवजार मानायला लोक आजही तयार नसतात. परंतु ती उलटसुलट ठेवून ओळंब्याच्या दोन खुणा घ्यायच्या आणि त्यांचा मध्य तिसऱ्या खुणेने पक्का करायचा, एवढे जमले की उतारावरची समपातळी रेषा अचूक मिळते. काका प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी हेच शिकवीत.

गुहागर रस्त्यावरच्या एका काकूंनी आमच्यावर प्रथम विश्वास टाकला. कौलांच्या पागोळ्यांनी त्यांचे अंगण उकरले जात होते आणि परसातली माती दर पावसाळ्यात खालच्या पाणंदीत जात होती. आम्ही पागोळीखालच्या चरात जांभ्याचे तुकडे भरले, शंभर फुटांना एक फूट उतार देऊन पाण्याला वाट काढली आणि परसात वाळा या गवताच्या तीन ओळी लावल्या. वाळ्याची मुळे आडवी न पसरता तीन मीटरपर्यंत खोल उतरतात, आणि आम्ही लावतो ती दक्षिणेकडची जात रुजणारे बी धरत नसल्याने रानभर माजत नाही. दोन ठोंबांत वीतभराहून अधिक अंतर मात्र ठेवू नये, कारण ओळीत फट राहिली की पाणी नेमके तिथूनच धावते.

त्यानंतरची बारा वर्षे बरी गेली. २०२१ च्या जुलैत मात्र सारे मोडायची वेळ आली.

आमची लागवड असलेल्या एका उताराच्या वर दुसऱ्या ठेकेदाराने दोन मीटर उंचीची काँक्रीटची भिंत घातली होती. तिच्यात पाणी बाहेर पडायला एकही भोक नव्हते आणि मागे खडीचा भरावही नव्हता. भिंतीमागे दोन मीटर पाणी साठले, तर तिच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे दोन टन रेटा येतो. त्यात जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या शेडूवर, म्हणजे जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर, येऊन अडते, हे कोकणात बांधकाम करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे. आम्ही मालकांना हे दोनदा समक्ष सांगितले होते. २२ जुलैला शहर पुरात बुडाले, त्याच आठवड्यात ती भिंत आमच्या वाळ्यावर कोसळली आणि ठेकेदाराने गावभर सांगितले की, गवत लावल्यामुळे माती भुसभुशीत झाली. हे लोकांना पटले, याचे दुःख आम्हाला आजही आहे. सात कामे रद्द झाली, झालेल्या कामांचे पैसे अडकले आणि काकांनी स्वतःची मोटारसायकल विकून मजुरी भागवली. त्या दिवसांत काकू शंका घेणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या परसात नेऊन जागच्या जागी उभ्या असलेल्या तिन्ही ओळी दाखवीत होत्या. पुढची पहिली चार कामे त्यांच्यामुळेच मिळाली.

अंगणाला खर्च करण्यापूर्वी जोराच्या पावसात अर्धा तास छत्री घेऊन उभे राहावे आणि पाणी कुठून येते, कुठे थांबते, ते पाहावे. सगळे अंगण फरशीने मढवू नये.

ती भिंत पुन्हा बांधली गेली, त्याच ठेकेदाराकडून. आता तिच्यात दर दीड मीटरवर पाइप बसवलेले आहेत. ते बसवावेत असे आधी कोणी सांगितले होते, हे मालकांनी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.