रज्जुमार्गाखालचे शहर

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील माझा मुक्काम बहुतांशी ट्रान्समिलेनियो या जलद बससेवेच्या गर्दीतच सरला. ब्राझीलमधील कुरितीबाने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्ग राखले होते. बोगोटाने ती कल्पना २००० साली उचलली आणि स्थानकांपाशी जास्तीची मार्गिका जोडली, त्यामुळे थांबलेल्या बसला मागे टाकून जलद बस पुढे निघून जाते. धक्काबुक्की असह्य होती, तरीही उसनवारी करायची तर अशी डोळसपणे करावी, असे मला तेथे वाटले.

कोलंबियातीलच मेडेलिनमध्ये असेवेदो स्थानकावर मेट्रोतून उतरून मी रज्जुमार्गाच्या डब्यात बसले. २००४ मध्ये सुरू झालेली ही 'के' मार्गिका डोंगरउतारावरील दाट वस्त्यांवरून सान्तो दोमिंगोपर्यंत चढत जाते. १९९१ मध्ये या शहरात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८० खून झाले होते आणि या उतारांवर पोलीसही जाण्यास कचरत. माझ्या डब्यात अभ्यासदौऱ्यावर आलेले एका परदेशी शहराचे अधिकारी होते. तासाला किती प्रवासी जातात, डब्याची किंमत किती, उभारणीला किती महिने लागले, असे प्रश्न ते दुभाष्यामार्फत विचारत होते. माहिती देणारी तरुणी उत्तरे देता देता खालच्या एका पुलाकडे बोट दाखवत होती, पण तिकडे कोणी पाहिले नाही. वर पोहोचल्यावर छायाचित्रे निघाली आणि पुढच्याच डब्यातून मंडळी खाली गेली.

मला त्याचा फार राग आला आणि परतताना मी मुद्दाम आन्दालुसिया स्थानकावर उतरले. तो पूल आन्दालुसिया आणि ला फ्रान्सिया या वस्त्यांना जोडतो. टोळ्यांनी आखलेल्या हद्दींमुळे या दोन वस्त्यांमधील ये-जा एकेकाळी धोक्याची झाली होती. जवळच हुआन बोबो ओढ्याच्या काठी, पुराच्या भीतीत राहणाऱ्या कुटुंबांना शहराबाहेर न हलवता त्याच परिसरात पक्की घरे बांधून दिली आहेत. सेर्हियो फाहार्दो महापौर असताना, २००४ ते २००७ या काळात, पदपथ, शाळा, ग्रंथालये आणि छोट्या बागा यांची कामे एकाच आराखड्यात बांधली गेली आणि त्यासाठी रहिवाशांबरोबर गल्लोगल्ली बैठका झाल्या. वीज, पाणी आणि गॅस पुरवणारी ई.पी.एम. ही कंपनी संपूर्णपणे शहराच्या मालकीची आहे आणि तिच्या नफ्याचा वाटा दरवर्षी शहराच्या तिजोरीत येतो, म्हणून हा खर्च पेलला. ज्या शहराकडे अशी मिळकत नाही, त्याने आपला पैसा कोठून येईल हे आधी ठरवायला हवे, आणि नेमका हाच प्रश्न त्या डब्यात कोणी विचारला नाही.

मेडेलिननेही पूर्वी दुसऱ्यांकडून घेतलेच होते. १९९०च्या दशकात ब्राझीलमधील रिओच्या महापालिकेने फावेला-बाइरो कार्यक्रमातून झोपडवस्त्या न पाडता तेथे रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा दिल्या. मेडेलिनच्या नियोजनकारांनी त्याचा अभ्यास केला होता. म्हणून रिओला पोहोचल्यावर मला विशेष वाईट वाटले. तेथील राज्य सरकारने मेडेलिनचा रज्जुमार्ग पाहून आलेमांवच्या वस्त्यांवर साडेतीन किलोमीटर लांबीचा, सहा स्थानकांचा मार्ग २०११ मध्ये उभारला आणि पैशाची चणचण भासताच २०१६ मध्ये तो बंद पडला. रोसिन्या या वस्तीसाठीही असाच मार्ग आखला गेला, तेव्हा आधी सांडपाण्याची सोय करा, असे तेथील रहिवासी मोर्चा काढून सांगत होते. पूर्वी गटारांपासून सुरुवात करणाऱ्या शहरात हे लोकांना रस्त्यावर उतरून सांगावे लागले, याचे दुःख मला त्या समुद्रकिनाऱ्यांवरही विसरता आले नाही.

बोलिव्हियातील ला पाझने मात्र तीच वस्तू घेऊन तिचे काम बदलले. मेडेलिनमध्ये रज्जुमार्ग मेट्रोला प्रवासी आणून देतो. ला पाझमध्ये मेट्रो नाही, त्यामुळे तेथे रज्जुमार्गालाच मेट्रोचे काम दिले आहे. एल आल्तो हे शहर सुमारे ४,००० मीटर उंचीवर वसलेले आहे, ला पाझ त्याच्या खालच्या खोऱ्यात आहे, आणि दोहोंमधील वळणावळणाचे रस्ते मिनीबसने तुंबलेले असतात. २०१४ मध्ये लाल मार्गिका सुरू झाली. त्या वर्षीच्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या या पहिल्या तीन मार्गिकांना राष्ट्रध्वजाचे रंग दिले आहेत. आता दहा मार्गिकांचे तीस किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे दोन्ही शहरांवर पसरले आहे. हा पसारा चालवणारी कंपनी केंद्र सरकारची आहे, त्यामुळे सत्ताबदलाची झळ तिलाही लागू शकते, ही काळजी मला वाटते. तरीही रविवारी जुन्या रेल्वे स्थानकावरून लाल मार्गिकेने चढताना माझे विरळ हवेने धडधडणारे काळीज सोडले तर तक्रारीला जागा नव्हती. डब्यातील बहुतेक जण रिकाम्या पिशव्या घेऊन एल आल्तोच्या आठवडी बाजाराला निघाले होते.