द्रुताआधीच उठणारे श्रोते

जर्मन संगीतकार योहान पाखेलबेलचा कॅनन (एकच सुरावट एकामागोमाग एकाने उचलायची अशी रचना) एव्हाना सगळ्यांच्या कानांवरून गेलेला असतो. त्याच्यापाठोपाठ डी मेजर या पट्टीतलीच एक चपळ जीग, म्हणजे नाचाची चाल, आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसतं. विलंबित संपलं की टाळ्या वाजवून उठायचं आणि द्रुत ऐकायचंच नाही, तसला हा प्रकार.

लवाजमा दोन्हीला तोच: तीन व्हायोलिन, चेलो आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य). कॅननमध्ये चेलोच्या वाट्याला आठच सूर. डीला षड्ज धरला तर सा प ध ग, म सा म प. सगळे शुद्ध. हे दोन बारचं, म्हणजे आठ मात्रांचं, आवर्तन २८ वेळा! तबल्याच्या सोलोला लेहरा, म्हणजे तीच ती सुरावट, धरणाऱ्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको. व्हायोलिनवाल्या तिघांना एकच ओळ. दुसऱ्याने पहिल्याच्या दोन बार मागून निघायचं, तिसऱ्याने आणखी दोन बार मागून.

फसतं ते लयीत. सुरुवातीला मात्रेला एकच सूर, त्यामुळे उत्साहात लय चढी धरली जाते. एकोणिसाव्या बारपासून एकेका मात्रेत आठ-आठ सूर येऊ लागले की दाणे चिरडतात. म्हणून आधी तो बार वाजवून बघावा आणि त्यावरून लय ठरवावी. मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर कॅनन पावणेचार मिनिटांत आटोपतो. १९६८ मधल्या फ्रेंच वाद्यवृंद-संचालक झां-फ्रांस्वा पाय्यारच्या ध्वनिमुद्रणाने मात्र जगाला तो फारच संथ ऐकायची सवय लावली. तेव्हापासून तो जरा जास्तच हळवा झालाय.

जिगेत हळवेपणाला जागाच नाही. १२/८, म्हणजे बारमध्ये चार ठोके आणि प्रत्येक ठोक्यात तीन. दहा-दहा बारचे दोन भाग, पुनरावृत्ती धरूनही दोनेक मिनिटांचा मामला. एकाने तुकडा टाकायचा, दुसऱ्याने तो झेलायचा. चेलोचीही आवर्तनातून सुटका.

इथे बिघडतो तो व्हायोलिनचा गज. ठोक्यात दोन हिश्श्यांचा मोठा सूर आणि एका हिश्श्याचा लहान असला, की मोठ्याला गज खाली भरपूर जातो, लहानाला वर येताना थोडाच परततो. चार ठोक्यांत हात गजाच्या टोकाशी अडकतो, मग तीनचं वजन सुटून दोनची परेड सुरू होते. मोठ्या सुराला गज बेताने खर्चावा. लहान सुराला तो हलका करून चटकन परत आणावा. तिथे दाब पडला की तो सूर भुंकतो.