गालावरची दारू

सकाळी साडेआठला सात नंबरच्या बेडवरच्या मुलाची पट्टी सोडली आणि सलाइनमध्ये भिजवलेला गॉज त्याच्या उजव्या गालावरून हलकेच फिरवला. मलम निघालं, सुटलेली कातडी निघाली, वर बसलेली राखही निघाली. काळे ठिपके मात्र जागचे हलले नाहीत. दुसरा गॉज घेतला, पुन्हा तेच. खसखशीएवढे, काही त्याहून बारीक, गालापासून कानशिलापर्यंत विखुरलेले. गॉजवर काळं काही उतरतच नव्हतं.

केसपेपरवर रात्रीच्या इंटर्नने लिहिलं होतं, 'अल्कोहोल फ्लेम बर्न, ६ टक्के, चेहरा आणि उजवा हात'. वय २०. भाजल्याची वेळ आदल्या संध्याकाळची साडेपाच, म्हणजे १५ तास उलटले होते. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डात मी १९ वर्षं काम करते. स्पिरिटने, रॉकेलने, गॅसने भाजलेले चेहरे रोजचेच. स्पिरिटची ज्वाळा कातडी लाल करते, फोड आणते, भुवया जाळते. पण ती कातडीत दाणे पेरत नाही.

असे ठिपके मी आधी पाहिले होते, ते माझ्या आबांच्या गालावर.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी आबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, आणि माकडांना तर काळवेळ नव्हताच. नळीत दारू ओतून गजाने ठासताना आबा आम्हा पोरांना चार हात लांब बसवायचे. त्यांच्या उजव्या डोळ्याखाली निळसर ठिपके होते, मोजून अकरा. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, तसंच हे आबांचं, असं मला वाटायचं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "गोंदण न्हाय गो बाय, दारू हाय ती." एका वर्षी तालुक्याच्या दुकानात दारू मिळाली नाही, तेव्हा कुणीतरी घरी कुटलेली आणून दिली होती. बार पुढे जायच्या ऐवजी मागे आला. आबा गेले तेव्हाही ते अकरा ठिपके तसेच होते.

मी त्या मुलाच्या कानाशी वाकले. डोळे सुजून बंद होते, ओठ जाड झालेले. "बाळा, काय पेटवलंस तू?"

"बंदुकीची दारू, सिस्टर."

"फटाक्यातली?"

"नाही. मी केलेली."

त्याची आई डबा उघडून पेजेचा चमचा त्याच्या ओठाशी नेत होती. आधी तो डबा मी बाजूला घेतला. "मावशी, आत्ता काही देऊ नका, पाण्याचा थेंबसुद्धा नको. भूल द्यावी लागेल बहुतेक." मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण पोटात अन्न गेलं की भुलीसाठी सहा तास थांबावं लागतं, आणि ते सहा तास या चेहऱ्याला परवडणारे नव्हते.

दारूचा दाणा कातडीच्या वरच्या थरात रुतून बसतो. पहिल्या दिवसात ब्रशने घासून तो बराचसा निघतो. दोन-तीन दिवस गेले की वरून नवी कातडी येते आणि दाणा आत बंद होतो. शरीराला कोळसा पचवता येत नाही. पेशी तो गिळतात आणि तिथेच धरून बसतात. गोंदणाची शाई आयुष्यभर टिकते ती याच कारणाने. खोलवरचा काळा कण बाहेरून निळा दिसतो, कारण कातडीतून परत येणाऱ्या उजेडात निळा जास्त असतो. आबांचे ठिपके निळे का, हे मला नर्सिंग शिकल्यावर कळलं.

मी प्लास्टिक सर्जरीच्या मॅडमकडे ओपीडीत थेट गेले. स्टाफ नर्सने असं जायचं नसतं, आधी रेसिडेंटला सांगायचं असतं. पण रेसिडेंट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि फोन उचलत नव्हते. मॅडमनी माझं बोलणं ऐकलं, समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि वॉर्डात आल्या. भिंगाचा चष्मा लावून एकेक ठिपका पाहिला. म्हणाल्या, "सिस्टर, हे अल्कोहोल कुणी लिहिलं?"

इंटर्नने ते का लिहिलं, हे मला दुपारी मुलाच्या वडिलांकडून समजलं. हे कुटुंब घोडपदेवच्या एका चाळीतलं, मूळचं राजापूरकडचं. वडील दारूखाना नावाच्या भागात भंगार लोखंडाच्या गोदामात कामाला. रात्री कॅज्युअल्टीत त्यांनी सांगितलं होतं, "मुलगा दारूने भाजला." कामाला कुठे, तर दारूखान्यात. इंटर्न मुलगी महाराष्ट्राबाहेरची होती. तिच्या कानाला दारू म्हणजे एकच दारू. आपल्या भाषेत पिण्याची ती दारू आणि बंदुकीत घालायची तीही दारूच. दारूखाना हे नावही पिण्याच्या दारूवरून आलेलं नाही, दारूगोळ्यावरून आलेलं आहे. माझगावात तर गनपावडर रोड आजही आहे. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, पण कॅज्युअल्टीत घाईत लिहिणाऱ्याला सांगावं लागतं. त्या मुलीचा राग मला आला नाही. तिने डोळे धुतले होते, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं, मलमपट्टी नीट केली होती. एका शब्दाने मात्र रात्र वाया गेली. तेव्हापासून प्रत्येक नातेवाइकाला मी सांगते, फटाका असो, बंदूक असो की घरी केलेलं काही असो, 'स्फोटक पूड उडाली' असं स्पष्ट बोला, आणि ते कागदावर लिहिलं गेलं का ते बघा.

ओटीत जागा मिळाली दीड वाजता. मधल्या वेळात डोळ्यांच्या डॉक्टर आल्या. पापण्या हलकेच उघडून त्यांनी नारिंगी रंगाची पट्टी टेकवली आणि निळा उजेड टाकला. जिथे बुबुळाला ओरखडा होता तिथे हिरवं चमकलं. उजव्या बुबुळावर दोन दाणे होते. बधिर करणारे थेंब टाकून सुईच्या टोकाने त्यांनी ते उचलले. मुलगा श्वास रोखून बसला होता. "नेमबाज आहेस ना? तसाच स्थिर राहा," त्या म्हणाल्या, आणि तो खरंच दगडासारखा स्थिर राहिला.

नेमबाज म्हणजे एअर रायफलचा. १० मीटर, ०.१७७ इंची गोळी, दाबलेली हवा. त्यात दारूचा संबंधच नसतो. क्लबात तो चार वर्षं जात होता. पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ५० मीटरमध्ये ब्राँझ मिळालं, त्या रात्री चाळीत पेढे यानेच वाटले होते. पण मन लागलं होतं जुन्या बंदुकांवर. गावी आजोबांच्या नावावर ठासणीची बंदूक आहे, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची. ती याने कधी उडताना पाहिली नव्हती. परदेशात हौशी लोक अशा बंदुका घेऊन मैदानावर उभे राहतात आणि काहीजण दारूही घरीच करतात, हे तो मोबाइलवर बघत बसायचा.

वाट बघताना तो बोलत राहिला, मीही बोलू दिलं. भीती कमी होते. त्याला अफाट माहिती होती. काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात उरतो, तोच तो पांढरा धूर. १८८४ मध्ये फ्रान्सात बिनधुराची दारू निघाली आणि रणांगणावरचा तो ढग गेला. अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीकाठी ड्यू पाँटने १८०२ मध्ये दारूच्या गिरण्या काढल्या. त्यांच्या तीन भिंती जाड दगडाच्या आणि नदीकडची बाजू मुद्दाम हलकी असायची, म्हणजे उडालीच तर स्फोट नदीकडे जावा.

"एवढं माहीत होतं तुला," मी म्हटलं, "आणि चाळीतल्या स्वयंपाकघरात केलंस?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला नेम नव्हता लावायचा, सिस्टर. मला फक्त तो धूर बघायचा होता."

आई देवळात गेली असताना त्याने चिमूटभर पूड ओट्यावर पेटवून पाहिली. बाकीची शेजारीच स्टीलच्या डबीत होती, झाकण उघडं. ठिणगी डबीत गेली. किती पूड होती असं मी विचारलं तेव्हा त्याने डाव्या हाताची ओंजळ अर्धी मिटून दाखवली. तेवढ्याने ओट्यावरची फरशी तडकली आणि खिडकीची काच खालच्या चौकात जाऊन पडली. चौकात तेव्हा पोरं खेळत नव्हती, नुकताच पाऊस पडून गेला होता म्हणून. वडिलांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात भिंतीला टेकलेला होता.

ओटीत नेण्याआधी मॅडमनी वडिलांकडे मुलाचा फोटो मागितला, जवळून काढलेला. वडिलांना वाटलं, काही फॉर्मसाठी हवा असेल. मॅडम म्हणाल्या, "याच्या चेहऱ्यावर जन्माचे तीळ कोणते आहेत ते मला बघायचंय. नाहीतर मी तीळच घासत बसेन." क्लबाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या ओठाशी एक, उजव्या भुवईखाली एक. ते दोन सोडून बाकीचं सगळं दारूचं.

मग सुरू झालं घासणं. हात धुवायला वापरतो तो मऊ ब्रश, बीटाडीन, वर सलाइनची धार. मी सिरिंजने धार सोडत होते, मॅडम छोट्या छोट्या गोलात ब्रश फिरवत होत्या. जोर कमी पडला तर दाणा हलत नाही. जास्त झाला तर खालचा थर सोलवटतो आणि ठिपक्याऐवजी व्रण राहतो. कातडीतून रक्ताचे बारीक थेंब दवासारखे उगवले की तिथे थांबायचं, पुढच्या जागेवर जायचं. किडनी ट्रेमधलं सलाइन आधी गुलाबी झालं, मग राखाडी. जे ब्रशने निघत नव्हते ते मॅडमनी सुईच्या टोकाने एकेक उचलले. प्रत्येक दाणा त्या गॉजवर टेकवायच्या, तिथे शाईचं टिंब पडल्यासारखं दिसायचं. ओटीतल्या लख्ख दिव्याखाली, बीटाडीनच्या वासातूनही कुजक्या अंड्यासारखा एक पुसट वास येत होता. जळालेल्या गंधकाचा. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. देवाच्या पालखीपुढे ते बार काढायचे.

पावणेतीन तास लागले. मॅडमची मान अवघडली होती. त्या मध्येच एकदा म्हणाल्या, "राहिलेल्यांना पुढे लेसर करता येतं असं लोक समजतात. पण न जळलेली दारू आत असेल तर लेसरने दाणा कातडीतच पेटतो आणि खड्डा पडतो. जे काढायचं ते आजच." आणि पुन्हा वाकल्या.

संध्याकाळी वॉर्डात हवालदार आले. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, होतीच. परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४ च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे, मग ते हौसेने बनवलेलं असलं तरी. उरलेलं सामान त्यांनी आधीच घरातून नेलं होतं. वडिलांनी काही लपवलं नाही. पुढे कोर्टात काय व्हायचं ते होईल, तो माझा प्रांत नाही. पण हवालदारांना जबाबात मी एवढं लिहायला लावलं की ही दारू पिण्याची नव्हे.

सहा आठवड्यांनी तो ओपीडीत आला, डोक्यावर टोपी, गालावर उन्हाचं मलम. नवी कातडी गुलाबी होती. नजर दोन्ही डोळ्यांना पूर्ण. रायफलचा दस्ता उजव्या गालाला टेकतो, म्हणून मॅडमनी तीन महिने सराव बंद ठेवला होता. क्लबाने मात्र त्याला काढलं होतं, आणि त्याबद्दल तो तक्रार करत नव्हता.

"सिस्टर, त्या परदेशातल्या स्पर्धा असतात ना ठासणीच्या बंदुकांच्या, त्यांच्या नियमात लिहिलंय, दारू कारखान्यातलीच पाहिजे. घरची चालतच नाही. आणि प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगळ्या छोट्या नळीत भरून आणायची. मोठी डबी बंदुकीजवळ न्यायचीच नाही." हे त्याने मला असं सांगितलं जणू मीच उद्या मैदानावर उतरणार आहे.

मी त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि बोटाने मोजलं. कानशिलावर दोन, गालफडावर एक, आणि एक उजव्या डोळ्याच्या बरोबर खाली.

"किती राहिले?" त्याने विचारलं.

"चार."

"तुमच्या आबांचे?"

"अकरा."

त्याने टोपी नीट केली आणि विचारलं, "त्यांनी नंतर कधी बंदूक उडवली का?"

"उडवली," मी म्हटलं. "दुकानातली दारू मिळाली तेव्हाच. नाही मिळाली त्या वर्षी पत्र्याचा डबा वाजवत रात्रभर शेतात बसले."